तोफेच्या रेषेला काटकोनात

इगतपुरीच्या बाजूच्या डोंगरांत आमच्या बॅटरीचा, म्हणजे सहा तोफांच्या तुकडीचा, कॅम्प लागला, तेव्हा मला रेजिमेंटमध्ये येऊन वर्ष होत आलं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. नाशिकला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष कसंबसं काढलं आणि दुसऱ्या वर्षी भरतीच्या रांगेत उभा राहिलो. गणित बरं होतं, म्हणून तोफखान्यात मला टेक्निकल असिस्टंट केलं. चांदवडला घरी हे पद मला कुणाला समजावून सांगता आलं नाही. आई सगळ्यांना सांगायची, पोरगं तोफेची गणितं करतं. तेही फारसं चूक नव्हतं.

लोकांना वाटतं की तोफ चालवणाऱ्याला शत्रू दिसतो. तसं नसतं. तोफा डोंगराच्या आड असतात. पुढे एखाद्या उंच जागी दोन-तीन जण बसतात, त्या जागेला ओपी म्हणतात. ओपी वायरलेसवर सांगेल तिथे गोळा पडतो. म्हणून ओपीला आधी एक गोष्ट पक्की माहीत असावी लागते, ती म्हणजे आपण स्वतः कुठे आहोत.

हे मला हवालदार देवरे यांनी शिकवलं. ते सटाण्याकडचे. चिडले की अहिराणीत बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात कॉम्पास दिला.

"प्रोफेसर, उत्तर कुठे?"

मी सुई बघून बोट दाखवलं. त्यांनी माझ्या खांद्यावरची रायफल काढली आणि लांब नेऊन ठेवली.

"आता दाखव."

सुई सरकली होती.

"मघाची उत्तर तुझ्या रायफलीची. ही देशाची."

आमचा वायरलेस ऑपरेटर लान्स नायक जाधव खूप हसला. तेव्हापासून कॉम्पास काढायच्या आधी रायफल, हेल्मेट, वायरलेस सेट बाजूला ठेवायचा, घराबाहेर चपला काढाव्यात तसा. देवरेंच्या हाताखालचा कुणीही हे विसरत नसे.

दुसरा धडा रिसेक्शनचा. समोरची दोन ओळखीची शिखरं निवडायची. प्रत्येकाची दिशा कॉम्पासने मोजायची आणि नकाशावर त्या शिखरांपासून उलट्या रेषा ओढायच्या. रेषा जिथे कापतात, तिथे आपण. शक्य असेल तर तिसरं शिखरही घ्यायचं. तिसरी रेषा त्याच ठिपक्यावर आली नाही, तर कुठेतरी चूक आहे.

खऱ्या गोळ्यांच्या फायरिंगचा दिवस आला. समोरच्या डोंगराला तीन सोंडा होत्या. टार्गेट तिसऱ्या सोंडेवर होतं. दरीपलीकडच्या मुख्य ओपीवर कॅप्टनसाहेब होते. देवरेंनी, जाधवने आणि मी दुसऱ्या सोंडेवर बसून बाजूने बघायचं, असा हुकूम होता.

आम्ही उजाडताच चढायला लागलो. ढग खाली उतरलेले होते. पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. वर पोचल्यावर देवरे म्हणाले, "आज चढ जास्त लागला ना रे?"

जाधव म्हणाला, "साहेब, तुमचं वय लागलं."

"थांब, उतरताना सांगतो वय."

थोडा वेळ ढग फाटले आणि दोन शिखरं दिसली. रायफली, हेल्मेट, सेट, सगळं आम्ही लांब ठेवलं. वारा इतका होता की हातात कॉम्पास ठरत नव्हता. देवरे पोटावर झोपले आणि त्यांनी कॉम्पास एका काळ्या कातळावर टेकवला. त्यांनी आकडे सांगितले, मी रेषा ओढल्या. रेषा दुसऱ्या सोंडेवर बरोबर कापल्या. तिसरं शिखर उघडलंच नाही. देवरेंनी वाट पाहिली, पण फायरिंगची वेळ झाली होती. जाधवने आमची जागा वायरलेसवर कळवली.

खरं म्हणजे ढगांत आम्ही एक सोंड चुकलो होतो. आम्ही टार्गेटवर बसलो होतो. रिसेक्शनने ही चूक पकडायला हवी होती. ती का पकडली नाही, हे कळायला अजून थोडा वेळ होता.

सेटवर आवाज आला, "शॉट, ओव्हर." म्हणजे गोळा सुटला.

आम्ही पुढे बघत होतो. स्फोट मागे झाला.

देवरे उठून बसले. "मागे?"

"डोंगरात आवाज घुमतो, साहेब," जाधव म्हणाला.

दुसरा गोळा समोर, खालच्या उतारावर पडला. या वेळी जमीन हलली. देवरेंचा चेहरा बदलला. तोफखान्यात पहिला गोळा टार्गेटच्या पलीकडे आणि दुसरा अलीकडे पडला, की पुढचा मध्ये टाकतात. मध्ये आम्ही होतो.

"जाधव, चेक फायरिंग दे! लगेच!"

चेक फायरिंग म्हणजे तोफा थांबवा. जाधवने बटण दाबलं आणि तिसरा गोळा आला.

मला आवाज आठवत नाही. तोंडात माती होती. कातळाचे तुकडे बराच वेळ वरून पडत होते. जाधवच्या कानातून रक्त येत होतं आणि सेटची एरियल बुडापासून तुटली होती. देवरे बसल्या जागीच होते. त्यांची उजवी मांडी गुडघ्यापासून वर उघडी झाली होती, आत पांढरं हाड दिसत होतं. मी माझा बेल्ट काढून वर आवळला. माझ्या हातांना पकड राहत नव्हती, इतकं रक्त होतं.

हेडफोनमध्ये कॅप्टनसाहेबांचा आवाज अगदी बारीक ऐकू येत होता. त्यांनी फायर फॉर इफेक्टचा हुकूम दिला. म्हणजे आता सहाही तोफा एकदम. दरीपलीकडून त्यांना ढगांच्या फटीतून स्फोट दिसत होते, आम्ही नाही; आणि आमचा आवाज त्यांच्यापर्यंत जात नव्हता.

"प्रोफेसर, कॉम्पास," देवरे म्हणाले. "कातळापासून लांब जा. हातात धर."

मी काही पावलं सरकलो. सुई फिरली. नुसती थरथरली नाही, चांगली फिरली.

"फिरली, साहेब."

"दगडातच लोखंड शे," ते म्हणाले. मग लगेच, "तोफांची रेषा किती?"

तोफा कोणत्या दिशेने मारतात, त्या कोनाचा आकडा मला पाठ होता.

"तिला काटकोनात चल. रायफली, हेल्मेट राहू दे."

तोफेचे गोळे मागेपुढे जास्त पसरतात, डावी-उजवीकडे कमी. रेषेच्या दिशेने पळालं तर गोळे मागे येतात. आडवं पळालं तर वाचायची थोडी आशा असते. ढगात ते आडवं कुठे, हे फक्त सुई सांगणार होती. सेटमध्ये लोखंड, म्हणून तो जाधवने उचलला आणि लांबून चालला. मी देवरेंना पाठीवर घेतलं. त्यांनी उजवा हात माझ्या खांद्यावरून पुढे काढून कॉम्पास धरला. रायफल टाकून मी आयुष्यात तेवढा एकदाच पळालो.

"डावीकडे," ते कानाशी सांगत होते. "अजून. हां. सरळ."

उतार तीव्र होता. मी दोनदा पडलो. दोन्ही वेळा ते ओरडले, आणि दोन्ही वेळा कॉम्पास त्यांच्या हातातच होता.

मग सगळे गोळे एकदम आले. आम्ही सोडलेली जागा फुटत होती. आम्ही एका घळीत आडवे पडलो. डोक्यावरून दगड जात होते. जाधवच्या पाठीत एक घुसला आणि तो शिव्या देत राहिला. मध्ये एक क्षण शांत झालं, मग पुन्हा तेच. तीन वेळा.

जाधवने पिशवीतली जादा एरियल लावली. पुढचा हुकूम यायच्या आत तो ओरडायला लागला, "चेक फायरिंग! चेक फायरिंग! गोळे आमच्यावर पडतायत! ओव्हर!"

थोड्या वेळाने कॅप्टनसाहेबांचा आवाज आला. "चेक फायरिंग. तुमची जागा सांगा. ओव्हर."

जाधवने माझ्याकडे बघितलं. मी देवरेंना विचारलं. त्यांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता, पण त्यांनी उत्तर दिलं नाही.

चौकशी झाली. अधिकाऱ्यांनी त्या कातळावर कॉम्पास ठेवून पाहिला. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं की उघड्या माथ्यावर वीज पडून पडून काही दगड असे चुंबकासारखे होतात. आम्ही आमचं सगळं लोखंड लांब ठेवलं होतं. डोंगराचं लोखंड कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

देवरे गेले त्याला दोन महिने झाल्यावर जाधव आणि मी सटाण्याकडे त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, पाणी दिलं. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, रस्ता दाखवणाराच रस्ता चुकला.

"भाऊ," त्यांनी नवऱ्याबद्दल विचारलं, "त्या वाट चुकनात का?"

मी काय सांगावं, हे मी सगळ्या रस्त्याने ठरवत आलो होतो. ते मी बाजूला ठेवलं.

"चुकलो, वहिनी," मी म्हणालो. "तिघंही चुकलो. पण चूक साहेबांनी ओळखली. पाय तसा असताना. आम्ही दोघं इथे बसलोय ते त्यांनी दाखवलेल्या वाटेने."

त्या आमच्याकडे बघत राहिल्या. आधी जाधवकडे, मग माझ्याकडे. जणू आम्ही पूर्ण आहोत का, ते तपासत होत्या. मग उठून चुलीकडे गेल्या आणि आतून म्हणाल्या, "जेवी ल्या."

आम्ही जेवलो. त्या समोर बसून दोघांना वाढत राहिल्या. आम्ही नको म्हणालो तरी.