दहा मिनिटांची गाठ आणि माझ्या तपासण्या

हसणार नसाल तर सांगतो. नाहीतर राहू द्या, चहा प्या. हसणारच? बरं, हसा!

विसरवाडीला हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे. आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून टायरच करतो. यंदा माझं लग्न जमलं, आणि नेमकी माझ्या कपाळावर गाठ. कुठे? बरोबर टिळा लावतात तिथे! लिंबाएवढी. बरं, बोराएवढी. साखरपुडा दोन आठवड्यांवर आलेला. ब्राह्मणपुरीहून नवरीकडचे पाहुणे येणार, फोटो निघणार. गाठ त्याआधी जायलाच हवी होती.

गावच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनचे डॉक्टर दर गुरुवारी यायचे. त्यांनी गाठ दाबून पाहिली. प्रश्न विचारले, छाती ऐकली. म्हणाले, "चरबीची आहे. दहा मिनिटांचं काम. तू तंदुरुस्त आहेस, तपासण्या काही नकोत. पुढच्या गुरुवारी ये, दुपारी घरी जा."

तपासण्या नकोत? मला हे पटेचना. सगळ्याच करायला हव्यात! डॉक्टरांना विचारायचं धाडस नव्हतं. बाहेर येऊन सोबत आलेल्या मामांना म्हटलं, "मामा, बठ्ठ्या तपासण्या करी लेऊत."

"आरे, डॉक्टर नको सांगी ऱ्हायना, मंग कसाले?"

"ट्रकनं एक चाक बसनं तरी आपन बाकीना चाकं ठोकी देखतसच ना?"

"तू काय ट्रक शेस का?"

पण मी ऐकतो का! गेलो बुधवारी मामांना घेऊन तपासायला.

आधी हृदयाचा कागद. ताई म्हणाल्या, "शर्टाची बटणं उघडा, भाऊ." अहो, परक्या बाईसमोर! माझं काळीज असं धावलं, की मशीनची पट्टी थांबेना. ताई म्हणाल्या, "ठोके फार आहेत."

मग एक्स-रे. तिथल्या दादांनी शर्टच काढायला सांगितला. दारात बायकांची रांग, आत माझं भोकं पडलेलं बनियन. मी हळूच म्हटलं, "ऱ्हाऊ द्या ना, दादा. शर्टमा काहीच नै."

दादांनी ऐकलं, फोटो निघाला. छातीच्या डाव्या बाजूला एक पांढरं टिकलं!

"कधी काही गिळलं होतं का?"

 माझ्याआधी मामाच ओरडले, "चार वरीसना व्हता तवय यानी नाणं गियेल व्हतं!"

झालं! धावते ठोके आणि छातीत नाणं. गुरुवारी गाठ काढायची, तर आम्ही नंदुरबारला मोठ्या डॉक्टरांच्या दारात. मामांनी जाता जाता फोन करून ब्राह्मणपुरीला कळवलंही, "नवरदेवना छातीमा काहीतरी शे!" तिकडे सासूबाईंनी अंथरूण धरलं म्हणे.

मोठ्या डॉक्टरांनी काही न विचारता शर्ट काढायला लावला. तो खिळ्याला टांगला. हृदयाचा कागद पुन्हा काढला, ठोके नीट. पुन्हा फोटो. नाणं गायब! मामांनी हात जोडले.

तेवढ्यात सिस्टरनं शर्ट माझ्याकडे फेकला. टणकन काहीतरी फरशीवर पडलं आणि गोल फिरत डॉक्टरांच्या बुटाशी थांबलं. ट्यूबच्या तोंडावरचं पितळी टोपण. दुकानात काम करताना मीच खिशात टाकलं होतं.

डॉक्टरांनी ते उचललं, माझ्या हातावर ठेवलं आणि एकच विचारलं, "या तपासण्या सांगितल्या कुणी?"

 मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

गुरुवार गेला. पुढचा गुरुवार म्हणजे साखरपुड्याचा आदला दिवस. ताज्या टाक्यांवर टिळा कसा लावणार?

मग काय! सासऱ्यांनी टिळा गाठीवरच लावला. वर तांदूळ चिकटवले, ते घसरून नाकावर. पुन्हा चिकटवले, पुन्हा नाकावर. फोटोवाला ओरडतोय, "नवरदेव, हलू नका!" पदराआडून नवरी हसतेय.

तिच्या आजीनं गाठ बोटानं दाबली. "काय रे पोऱ्या, आपरेशन कसानं व्हतं तुन्हं?"

"यानंच, आजी."

"मंग हाई आठेच कशी शे?"

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. जन्मात पहिल्यांदा मी चारचौघांत मोठ्यानं बोललो.

"आजी, तपासण्या बठ्ठ्या नॉर्मल उन्यात!"