पान वाजलं पाहिजे

कपाटात डोळ्यांच्या थेंबांची रिकामी बाटली सापडली आणि बसवनगुडीतली एक दुपार आठवली. बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी तिला रहस्यकथा वाचून दाखवत होतो. मुलीने दिलेल्या नव्या टॅबवर, पण जुन्या सवयीने बोटाला थुंकी लावून. खालच्या दुकानातून कॉफी भाजल्याचा वास येत होता. आता खुनी सापडणार, एवढ्यात ती इथल्या कानडी वळणाने म्हणाली, "अहो, स्वल्प थांबा! तुम्ही पान उलटता तेवढ्यात मी खुनी ओळखते. पान वाजलंच नाही, तर ओळखू कधी?" मग मी मांडीवर वर्तमानपत्र घेतलं आणि टॅबवर पान सरकलं की ते फडफडवू लागलो. तिने खुनी बरोबर ओळखला. माझा संशय बिचाऱ्या स्वयंपाक्यावर होता. आता ती स्वतःच टॅबवर वाचते. पण आतल्या खोलीत वर्तमानपत्र फडफडलं की मी बाहेरून विचारतो, "कोण वाटतोय गं?"