ऱ्हाईनला कोंडाची भेट

सोनूताईंची बाटली मुंबईच्या विमानतळावरच अडकली. तिच्यात त्यांच्या वाडीवरच्या कोंडाचं (नदीतल्या खोल डोहाचं) पाणी होतं, ऱ्हाईनला भेट म्हणून घेतलेलं. तपासणीवाल्याने ती पिंपात टाकून दिली.

"आता रिकाम्या हातानं भेटायचं का नदीला?" सोनूताई विमानात बसेपर्यंत कुरकुरत होत्या.

सोनूताई रायगडातल्या एका कातकरी वाडीच्या, आणि मी त्यांची दुभाषी. वाडीच्या नदीवर एकामागून एक कारखाने आलेत. प्रत्येकाचं सांडपाणी म्हणे नियमात बसतं. सगळ्यांचं मिळून नदीचं काय होतं, हे मात्र कुणीच बघत नाही. ते वाडीनेच तपासावं म्हणून कार्ल्सरूहेची एक जर्मन संस्था निधी देण्याच्या विचारात होती. तो हुकला असता, तर आणखी एक कारखाना सुखाने येऊन बसला असता.

मुक्काम लुडविग्सहाफेनला, मिलिंदकडे. हा नागपूरचा रसायनतज्ज्ञ. संध्याकाळी तो आम्हाला ऱ्हाईनवर घेऊन गेला. काठाने नळ्या, टाक्या, धुराडी संपता संपेनात, आणि तरी पाणी बऱ्यापैकी नितळ. मी थक्कच झाले. सोनूताईंनी उकिडवं बसून पाण्यात हात बुडवला, वास घेतला.

"इथले मासे खातात?"

"आता खातात, मावशी. म्हातारी माणसं सांगतात, पूर्वी वास सहन व्हायचा नाही. मग काठावरच्या देशांनी मिळून नदी साफ केली. पण हां, मासे धरायला परीक्षा देऊन आंगेलशाइन (मासेमारीचा परवाना) काढावं लागतं."

"परीक्षा?" सोनूताई इतक्या हसल्या, की शेजारी गळ टाकून बसलेले एक आजोबा दचकले.

दुसऱ्या दिवशी कार्ल्सरूहेत संस्थेच्या समितीसमोर बैठक. मीठ झाडून झाडून सोनूताईंनी ब्रेत्सेल (तिकडचा खारा, पिळाचा पाव) संपवला आणि प्रश्न सुरू झाले. सगळं छान चाललं होतं. मग समितीतला तज्ज्ञ म्हणाला, तुलनेसाठी स्वच्छ जागा हवी. कारखान्यांच्या वरच्या अंगाचा तो कोंड उत्तम, तिथले थोडे मासे अधूनमधून कापून तपासू.

कोंडातले मासे देवाचे. वाडी ते धरत नाही.

"मी एकटी कशी सांगू?" सोनूताई म्हणाल्या. "वाडी बसल, मग ठरल."

"ताई, आत्ता हो म्हणा," मी कुजबुजले. "चार माशांनी काय होतंय?"

"मग तुम्हीच चालवा काम."

मला रागच आला. हातातोंडाशी आलेला घास चालला होता. तरी मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"आल्झो (म्हणजे 'तर मग')," त्या म्हणाल्या, "सगळे निर्णय स्थानिक लोक घेतील, असं प्रत्येकच जण अर्जात लिहितो. आज आम्हाला ते बघायला मिळालं. वाडी बसेपर्यंत आम्ही थांबतो. ती नको म्हणाली, तरी निधी अडणार नाही."

परतताना सोनूताईंनी ऱ्हाईनचं पाणी बाटलीत भरलं आणि शहाणपणाने मोठ्या बॅगेत ठेवलं.

वाडी बसली. भरपूर वाद झाला. कोंडाचं पाणी तपासायला द्यायचं, माशाला हात लावायचा नाही, असं ठरलं. बायका-माणसं उठली. इतक्या दूर जाऊन माझी जी समजूत वाढली, ती बहुतेक या वाडीबद्दलचीच, असं मनात येत होतं. मी आनंदाने म्हणाले, "चला ताई, आता ऱ्हाईनचं पाणी कोंडात सोडू या."

सोनूताईंनी बाटली मागे घेतली.

"त्याचं कुठं विचारलंय वाडीला?"

आणि उठून चाललेली वाडी पुन्हा खाली बसली.