कोईमतूर ते तासगाव, अक्षतांच्या आधी

सोमवार, सकाळ, सांगली. माझ्या ट्रॅव्हल ऑफिसात हजर: मी, तासगावचे बागायतदार तात्या आणि त्यांची मुलगी सोनाली. फोनच्या स्पीकरवर सोनालीचे मामा, कोईमतूरहून.

"लगीन रविवारी, दुपारी साडेबाराला. मामाचं तिकीट त्याच दिवशी सकाळचं काढा," तात्या म्हणाले. "कोईमतूर ते कोल्हापूर दीड तास. आठला बसला की साडेनवाला खाली."

"तात्या, असं विमानच नाही."

"आवं मॅडम, हितं लिवलंय की." त्यांनी मोबाइल पुढे केला.

ही माझी रोजची डोकेदुखी. काही वेबसाइट कुठल्याही दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर घेतात, त्याला विमानाच्या वेगाने भागतात आणि वेळ सांगून मोकळ्या होतात. त्या वाटेने विमान जातं का, हे बघत नाहीत. मामांना बंगळुरात विमान बदलावं लागणार होतं. याला कनेक्टिंग म्हणतात. मधल्या ताटकळण्याला लेओव्हर. त्याआधी चेक-इन, नंतर बॅगा, मग कोल्हापूर ते तासगाव गाडी. सगळं धरून मामा मांडवात पोचणार दुपारी चारला. तेही सगळं वेळेवर असेल तर.

"मग आदल्या दिवशी या," मी मामांना म्हटलं.

मामांचं सोनं गाळायचं दुकान. "न्हाई जमायचं, ताई. लोकांचं सोनं हाय माझ्याकडं. शनिवारी रात्री ज्याचं त्याच्या हातात दिल्याबिगर कुलूप लावता येत न्हाई."

तात्या वैतागले. "मग ऱ्हाऊ दे. चुलता उभा करू."

आमच्याकडे अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो. सोनाली तर लहानाची मोठी मामांकडेच झालेली.

"मामा नसंल तर मी बी उभी न्हाई," ती म्हणाली. आवाज न चढवता.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू विमान मीच चालवते. "कायतरी करा की."

"विमान अलीकडे ओढता येत नाही. मुहूर्त पुढे ढकला. संध्याकाळचा गोरज धरा."

"पत्रिका वाटल्यात. व्याही काय म्हणतील?"

"विचारा."

"तुमीच विचारा."

लोणंदच्या व्याह्यांना मीच फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "बेस झालं. पहाटं वऱ्हाड उठवायचं टळलं. तात्यास्नी सांगा, दुपारचं जेवान मातुर पायजे."

तात्यांनी तोंड वाकडं केलं, पण मान हलवली. मी तिकीट काढलं.

रविवारी बंगळुरात विमान लेट झालं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात असताना मामा प्रवासातल्याच कपड्यांत आले आणि थेट सोनालीच्या मागे उभे राहिले. बॅग आलीच नव्हती.

भटजींकडे जाण्याआधी माझ्याकडे या, अशी पाटी मी आता काउंटरवर लावली आहे. कोणी वाचत नाही.

मामांचं परतीचं तिकीट अजून काढायचं राहिलंय. तारीख विचारायला मामांच्या मोबाइलवर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मांडवपरतणीला माहेरी आलेल्या सोनालीने उचलला आणि मामा झोपलेत म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा भर दिवसा.