मांडीवरचं तिकीट

दोन वर्षांखालच्या पोराला विमानात वेगळी सीट लागत नाही, हा नियम ज्याने केला त्याने माझं पोर बघितलेलं नसणार. बावीस महिन्यांचं, अंगाने बापावर गेलेलं, आणि एका जागी बसणं म्हणजे शिक्षा असं मानणारं. नवरा इंग्लंडला एका गोदामात कामाला. माझा आणि पोराचा व्हिसा आला, तेव्हा मये गावातल्या आमच्या घरात सगळ्यांचं ठरूनही गेलं होतं की पोर मांडीवरून जाणार. मोपाच्या विमानतळावरून आखातापर्यंत साडेतीन तास, तिथे थांबा, मग पुढे सात तास. मी एकटी, आणि तो मांडीवर.

डिचोलीच्या एजंटने तिकिटं सोमवारपर्यंत धरून ठेवली होती. "सीट घ्यायची की नाही तेवढं सांगा, बाई," तो म्हणाला. "नशीब असेल तर बाजूची रिकामीच मिळते." नशीब असेल तर. मी तिथेच त्याला चार शब्द सुनावणार होते, पण पोराने त्याचा स्टेपलर पळवला आणि आमची वरात दुकानाबाहेर निघाली.

सासरे सकाळच्या चहात पाव बुडवत म्हणाले, "एवढ्याशा पोराक वेगळी कदेल कित्याक? आवयची मांडी काय मोडली?" विमानातली सीट त्यांच्या लेखी कदेल, म्हणजे घरातली खुर्चीच. नवऱ्याने फोनवर तेच सांगितलं, फक्त जरा गोड करून. त्याच्यासोबतच्या कोणाच्या तरी बायकोने जुळी आणली होती म्हणे, हसत हसत. मी म्हटलं, मग तिलाच पाठव मला न्यायला. तो हसला. मला हसू आलं नाही.

मला सीट का हवी होती, हे मी कोणालाच सांगू शकत नव्हते. चार महिन्यांपूर्वी त्याला लस टोचून डिचोलीहून रिक्षाने परत येत होते. तो माझ्या मांडीवर, आणि माझ्या हातात फोन; नवऱ्याला व्हिडिओवर टोचल्याची जागा दाखवत होते. पुढे खनिजाचा ट्रक एकदम थांबला, रिक्षावाल्याने ब्रेक मारला आणि पोर माझ्या हातातून निसटून पुढच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं. रक्त नव्हतं, उलटी नव्हती, डॉक्टरांनी बघून घरी पाठवलं. घरी मी सांगितलं, दवाखान्याच्या बाकावरून पडला. टेंगूळ आठ दिवसांत उतरलं. माझ्या हातांतली ती रिकामी जागा मात्र उतरली नाही. तो निसटतानाचा तो एक क्षण मला भांडी घासतानाही आठवायचा आणि हात ओलेच थांबायचे.

आणि आता दहा-साडेदहा तास, तेही आभाळात, ह्याच हातांवर.

शनिवारी मी परीक्षा घेतली. पडवीतल्या खुर्चीत बसले, पोराला मांडीवर घेतलं, ओढणीने दोघांना बांधलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. विमानात आईच्या पट्ट्याला पोराचा छोटा पट्टा अडकवतात, तसंच काहीतरी. पाच मिनिटं त्याने माझं मंगळसूत्र चघळलं. सातव्या मिनिटाला हनुवटीवर डोकं आपटलं. अकराव्या मिनिटाला तो ओढणीतून खाली घसरला आणि कोंबडीमागे धावला. मी बांधलेल्या ओढणीत एकटीच. सासरे पेपरावरून बघत होते. "विमानात कोंबड्यो नसतत," एवढंच म्हणाले.

त्यांना माझी घालमेल कळत होती, पण कारण कळत नव्हतं. आमच्याकडे माणसाला काही सुचेनासं झालं की देवाला विचारतात. घर बांधायचं, विहीर खणायची, मुलीचं स्थळ बघायचं, देवाला कौल लावायचा. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात. गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विमानाच्या सीटसाठी कौल लावलेला मी तरी ऐकला नव्हता, पण रविवारी सकाळी सासू-सासरे, मी आणि पोर, आम्ही चौघं देवळात उभे होतो.

सासऱ्यांनी जे सांगायचं ते आधीच गुरवाच्या कानात घातलं होतं. गुरवाने हात जोडून आवाज लावला, "बा महाराजा, ह्या घरचा पोर आवयच्या मांडयेर बसान बापायकडे जाता, तेका सुखरूप पावय." सासरे म्हणाले, "होय महाराजा." माझं डोकं तडकलं. अहो, हा काय प्रश्न झाला? मांडीवर की सीटवर, हे विचारायला आलो होतो ना आपण? मांडीवर बसवूनच टाकलं आणि वर सुखरूप ने म्हणून सांगितलं, तर देव बिचारा नाही कसा म्हणेल? पण गाऱ्हाण्याच्या मध्ये सुनेने तोंड उघडायचं नसतं. मी दात आवळून पाकळीकडे बघत राहिले. उजवी पडली. सासऱ्यांनी असं वळून बघितलं की जणू तिकीटच फाडून हातात दिलं.

घरी आल्यावर मी ताट वाढलं आणि जेवले नाही. सासूबाई मागीलदारी भात पाखडत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि कसली प्रस्तावना न करता बोलून टाकलं. "आई, तो बाकावरून पडला नव्हता. माझ्या हातातून पडला. मी फोनवर होते."

सूप थांबलं नाही. "खबर आसा माका," त्या म्हणाल्या. "रिक्षावालो आमच्याच वाड्यावरचो. त्याच सांजेक येवन सांगून गेलो."

चार महिने. आणि मग एकेक आठवायला लागलं. त्या दिवसापासून बाजाराला, दवाखान्यात, माझ्या माहेरी पेडण्याला जाताना त्या गाडीत बसायच्या आणि पोराला माझ्याकडून ओढूनच घ्यायच्या. "दी हांगा," म्हणायच्या. मला वाटायचं नातवाची हौस. कधी कधी रागही यायचा, माझं पोर मला धरायला मिळत नाही म्हणून. त्यांनी एकदाही तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. फक्त पोर माझ्याकडे दिलं नव्हतं.

"मगे बोलला नाय कशाक?" मी विचारलं.

"तू सांगशीत म्हणान." त्यांनी सूप खाली ठेवलं. "सीट घे. तेका पट्टो बांद. तुझ्या हाताचो भरवसो माका नाय, आणि तुकाय नाय. थंय तेका धरूक मी आसूचंय नाय." मग आतल्या बाजूला बघून जरा मोठ्याने, सासऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "देवान सुखरूप जातलो म्हणान सांगला. सीट घेव नको म्हणान सांगूक नाय."

मला राग यायला हवा होता. आपल्या पोराला धरायला आपण पुरे नाही, हे सासूच्या तोंडून ऐकायचं. पण इतकं हलकं वाटलं की मी तिथेच कोंड्यात बसून रडले. सोमवारी एजंटला फोन सासऱ्यांनीच केला, आणि खिडकीजवळचीच पाहिजे म्हणून त्याच्याशी वादही घातला.

मोपाच्या विमानतळावर सोडायला आलेल्यांना दाराच्या आत जाता येत नाही. तिथपर्यंत पोर सासूबाईंच्याच कडेवर होतं. शिपायाने माझे कागद बघितले, बॅगांची गाडी आत ढकलली, आणि त्यांनी पोर माझ्याकडे दिलं. मी एक हात त्याच्या पाठीवर घातला, दुसरा खालून घट्ट धरला. त्यांचे हात अजून त्याच्या काखेत होते. मागची माणसं खोळंबली.

"धरलाय, आई," मी म्हटलं.

"बघतंय," त्या म्हणाल्या, आणि माझे दोन्ही हात नीट बघून झाल्यावर त्यांनी त्याला सोडलं.