दहा नंबरची तहान

आमच्या ताईला सगळी इमारत 'सिस्टर' म्हणते. मी तिची सख्खी धाकटी बहीण, पण मीही कधी कधी सिस्टरच म्हणते, कारण घरातही ती वॉर्डात असल्यासारखीच वागते. तीन पाळ्यांची नोकरी, सुट्टीचा पत्ता नाही, आणि हौस कसली, तर बागेची!

सुरुवातीला तिने गॅलरीत एकदम बावीस कुंड्या आणून ठेवल्या. दोन महिन्यांत चौदा झाडांनी माना टाकल्या. "फिटली हौस?" मी विचारलं. उरली आठ आणि आईचं जुनं लिंबू, अशा नऊ कुंड्यांना ताईने चिकटपट्ट्या लावल्या आणि खाटांसारखे नंबर टाकले. चहा उकळेपर्यंत राउंड घ्यायचा, त्याहून मिनिटभर जास्त नाही. मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसायचं; ओलं लागलं तर पुढची खाट. तण, पिवळी पानं वगैरे साफसफाई रोज एकाच कुंडीची. कामावर निघताना चपला घालता घालता मला चार्ज द्यायची, "तीनला आज काही द्यायचं नाही. सातला ऊन फार होतंय, आत सरकव." मी कुरकुरायचे आणि सरकवायचे. बाग मात्र अशी काही तरारली की तिला नावं ठेवायला मला जागाच उरली नाही.

चार नंबर म्हणजे आईचं लिंबू. तिने बी रुजवून वाढवलेलं. तेच एकदम पिवळं पडायला लागलं. ताईला वाटलं उपाशी आहे, म्हणून खत घातलं. ते आणखी पिवळं झालं. एका सकाळी तिने बोट खुपसलं, तर आत चक्क चिखल.

"तू पाणी घालतेस का गं याला?"

"मला काय दुसरे उद्योग नाहीत?" मी म्हटलं. दोन दिवस आमचं बोलणं चार्जपुरतंच चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी मला सर्दी झाली आणि मी घरी राहिले. नऊ वाजता आईने लिंबाला मगभर पाणी घातलं. दहा वाजता पुन्हा घातलं. साडेअकराला ती तिसऱ्यांदा मग भरून निघाली तेव्हा माझं डोकं फिरलं. "आई, किती वेळा! मारतेस का त्याला?"

आई मग हातात धरून तशीच उभी राहिली. "मी आज घातलं होतं?" तिने विचारलं. तिचा चेहरा पाहून माझा राग जागच्या जागी जिरला, पण शब्द तोंडातून निघून गेले होते. तिला हल्ली विसर पडतोय हे आम्हा दोघींना माहीत होतं. एकमेकींशी बोललो मात्र नव्हतो.

त्यानंतर आई गॅलरीत जाईना. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायची. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. झाड गेलं तर दुसरं लावता येतं. आईचं असं बसणं मला बघवेना.

मी ताईला सगळं सांगितलं आणि वर शहाणपणाही केला, "गॅलरीला कुलूप लावू. लिंबू तरी वाचेल."

"पेशंट कोण आहे, ते आधी बघ," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मला वाटायची ती शरम वाटली.

रविवारी तिने लिंबू कुंडीतून काढलं, सडलेली मुळं कापली आणि कोरड्या मातीत बसवलं. पाण्याची एक बाटली शेजारी उंचावर ठेवली आणि जुन्या सुती कापडाची वात एका टोकाने बाटलीत, दुसऱ्या टोकाने मातीत सोडली. "सलाईन लावलंय. वरून पाणी द्यायचं नाही," तिने आईला बजावलं. सगळ्याच कुंड्यांना तिने अशा बाटल्या लावल्या आणि त्या मागे सरकवल्या. मग गॅलरीच्या दारातच एक बादली आणून ठेवली. बादलीत छत्रीसारख्या पानांचं, पाण्यातच वाढणारं एक झाड, मुळं पाण्यात बुडालेली. बादलीच्या काठाखाली दोन बोटांवर तिने भोक पाडून नळी जोडली होती आणि ती पाणी जायच्या जाळीत सोडली होती. जास्तीचं पाणी आपोआप वाहून जाणार. बादलीवर चिकटपट्टी: दहा. काठावर आईचा मग.

"आई, याला तहान फार. मला वेळ होत नाही आणि ही आळशी," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "हा पेशंट तुझा."

आई जागची हलली नाही. ताई कामावर निघून गेली. दुपारी मला मगाचा आवाज आला.

आता लिंबाला नवी पानं फुटलीयत, मोजून सहा. दहा नंबर तर माझ्या खांद्याला लागलंय. काल मी घरीच होते. आईने सकाळपासून चार वेळा त्याला पाणी घातलं, प्रत्येक वेळी पानांवरून हात फिरवत. पाचव्यांदा मग भरला आणि दारातच थांबली.

"का गं, मी आज याला पाणी घातलं का?"

"नाही गं आई," मी म्हटलं. "घाल की. कधीची वाट बघतंय ते."