दोनशे पंचावन्न म्हशींचा जाब

पुसेगावच्या जनकाबाईकडे म्हैस एकच, सोनी. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात सरकारने तिच्या नावावर दोनशे छप्पन्न म्हशी लावल्या. पाचांहून जास्त जनावरं असणाऱ्याला चारा डेपोतून कडबा मिळत नसे. तिचं चाऱ्याचं कार्ड रद्द झालं, आणि निम्म्या गावाची हीच गत झाली.

"मशीननं छापलंय, बाई," कचेरीतला कारकून संतराम म्हणाला. "मशीन खोटं बोलत न्हाई."

तिचा भाचा भिवाजी पुण्याला सरकारी कॉम्प्युटर केंद्रात होता. आमच्या वर्गातला तो सगळ्यात चिकट पोरगा. गणित सुटेपर्यंत जेवायचा नाही. तिथं तो यंत्राच्या पोटात राहून सरकारी आकड्यांची टेप वाचणारा प्रोग्राम लिही. गावाकडे आला की "टेप वाचतो" एवढंच सांगे, आणि लोक त्याला गाणी लावायचा आग्रह करत.

जनकाबाईने माझ्याकडून त्याला पत्र लिहवून घेतलं: "भिवा, दोनशे छप्पन्न म्हशी झाल्यात म्हणं. धार काढाया ये."

भिवाजी हसला, आणि लगेच त्याचं तोंड उतरलं. माणूस चुकला तर दोनाचे बारा करील. एकाचे बरोबर दोनशे छप्पन्न यंत्रच करतं. केंद्रात नुकतंच नवं यंत्र आलं होतं. जुनं यंत्र टेपवर प्रत्येक आकडा दोन खणांत ठेवी, आधी मोठा खण, मग छोटा. नवं यंत्र आधी छोटा धरी. छोट्या खणातली एकुलती म्हैस मोठ्या खणात पडली, आणि मोठ्या खणातल्या एकाची किंमत दोनशे छप्पन्न. खण उलटवायचं काम त्याच्याच प्रोग्रामचं होतं. आत्याच्या विचाराने त्याला फार लाज वाटली.

तो केंद्राच्या व्यंकटराव साहेबांकडे गेला.

"याद्या वर गेल्या," साहेब म्हणाले. "आता चूक कशी निघेल?"

"साहेब, एवढ्या म्हशी पुसेगावात मावणार नाहीत."

"मग गावाची हद्द तपासायला लिहा."

प्रोग्राममधली चूक भिवाजीने दोन ओळींत दुरुस्त केली. पण असे न उलटलेले आकडे अजून कुठे दडलेत, कोण सांगणार? भिवाजीने प्रत्येक आकड्यावर खूण केली, हा टेपवरचा, हा यंत्रातला. मग एक तपासनीस प्रोग्राम लिहिला. टेपवरचा आकडा न उलटता यंत्रातल्याच्या जागी बसवला, की तो काम पुढे जाऊच देत नसे. पहिल्याच दिवशी त्याने खुद्द भिवाजीला अकरा ठिकाणी अडवलं. साहेबांनी शेरा मारला, "प्रोग्राम उद्धट आहे."

नवी यादी निघाली तोवर महिना गेला. सोनीच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

यादीत आता बरोबर एक म्हैस होती. भिवाजी रजा काढून गावी आला, तर आत्याच्या हातात कार्डाऐवजी नोटीस: गेल्या यादीतील उर्वरित दोनशे पंचावन्न म्हशींची विल्हेवाट कशी लावली, याचा खुलासा करावा, तोवर कार्ड मिळणार नाही. ती वाचून दाखवताना मला असा संताप आला की नोटीस तिथेच फाडणार होतो.

"फाडू नगंस," जनकाबाई म्हणाली.

तिने सोनीला चालवत कचेरीत नेलं आणि दोर थेट संतरामच्या टेबलाला बांधला.

"मोज."

"एक हाय," संतराम म्हणाला.

"बाकीच्या तुमच्या मशीनमधी हायत. त्यांला तुमी चारा घाला. हिचा मला दे."

सोनीने टेबलावरची जुनी यादी ओढली आणि चघळायला सुरुवात केली. संतरामने गुपचूप कार्डावर शिक्का मारला.